पाण्याखालचा उजेड कोण अडवतं?

वाचकांचे प्रश्न : पाणवनस्पती आणि शैवाल

या विषयावर आलेल्या पत्रांतले सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. बहुतेकांना पाण्यातली झाडं वाचवायची आहेत, काहींना शैवाल घालवायचं आहे. ही दोन कामं बऱ्याचदा एकच असतात. म्हणून पहिलं उत्तर जरा ऐसपैस दिलं आहे, पुढची बरीच उत्तरं त्यावरच उभी आहेत.

प्रश्न : चार-पाच वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या तळ्याचा तळ दिसायचा. हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया भरपूर होतं. आता पाणी गडद हिरवं आहे आणि वनस्पती जवळपास संपल्या आहेत. फॉस्फेट तपासायच्या संचाने पाणी पाहिलं, तर शून्य आलं. मग पोषकद्रव्यं वाढली असं कसं म्हणायचं?

संचाचं शून्य खोटं नाही, पण तुम्ही जे विचारताय ते हा संच मोजतच नाही. तो पाण्यात विरघळलेलं मोकळं फॉस्फेट मोजतो. पाणी हिरवं झालं म्हणजे ते फॉस्फेट शैवालाने आधीच उचललेलं असतं. फॉस्फरस तळ्यातच आहे, फक्त पेशींच्या आत आहे. त्यामुळे मोजायचा तो एकूण फॉस्फरस, आणि ते प्रयोगशाळेचं काम. नमुना काठावरचा घेऊ नका. मध्यभागी, पृष्ठभागाखाली साधारण ३० सेंटिमीटरवरून घ्या. बाटली साबणाने धुतलेली नसावी, कारण साबणातलं फॉस्फेटच अहवालात येतं. तळ्याच्याच पाण्याने तीनदा खळखळून घ्या, थंड ठेवा आणि त्याच दिवशी पोहोचवा.

एककांचा घोळ इथे फार होतो. संचावर बहुधा ‘फॉस्फेट’ लिहिलेलं असतं, तर तळ्यांसाठीच्या मर्यादा ‘फॉस्फरस’मध्ये दिलेल्या असतात. फॉस्फेटच्या आकड्याला ३.०७ ने भागलं की फॉस्फरस मिळतो. नायट्रेटचा आकडा ४.४३ ने भागला की नायट्रेटमधला नायट्रोजन. आता हिशोब करून पाहा. ज्या संचाच्या रंगपट्टीवर शून्यानंतरची पहिलीच छटा ०.२५ मिलिग्रॅम प्रति लिटर फॉस्फेटची आहे, ती म्हणजे लिटरला सुमारे ८१ मायक्रोग्रॅम फॉस्फरस. सरोवरांच्या प्रचलित वर्गवारीत एकूण फॉस्फरस १० मायक्रोग्रॅमखाली असेल तर पाणी पोषकद्रव्यांनी गरीब, ३५ च्या वर गेलं की सुपोषित (पोषकद्रव्यं वाजवीपेक्षा जास्त) आणि १०० च्या वर अतिसुपोषित. म्हणजे तुमच्या संचाला रंग चढेपर्यंत तळं केव्हाच हाताबाहेर गेलेलं असतं.

गोड्या पाण्यात बहुधा फॉस्फरसच शैवालाचा लगाम धरतो, हे कॅनडातल्या ऑन्टारियोत १९७३ साली सरळ दाखवलं गेलं. तिथल्या प्रायोगिक सरोवर क्षेत्रात डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी २२६ क्रमांकाच्या सरोवराच्या मधोमध पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन टाकला, फॉस्फरस मात्र एकाच बाजूला. तीच बाजू हिरवी झाली. दुसरी स्वच्छ राहिली.

आता तुमच्या हायड्रिलाचं काय झालं ते. जास्त खत मिळालं म्हणून वनस्पती मेली, असं सहसा होत नाही. मुळं असलेल्या बुडीत वनस्पती बरंचसं फॉस्फरस गाळातून घेतात, त्यांना पाण्यातल्या फॉस्फरसची फारशी गरजही नसते. मारतो तो अंधार, आणि तो दोन थरांत येतो. आधी पानांवर बुळबुळीत तपकिरी-हिरवा लेप बसतो. ही पानांवर वाढणारी शैवालं. पाणी अजून स्वच्छ दिसत असतं, पण पानापर्यंत पोहोचणारा उजेड घटलेला असतो. पान बोटांच्या चिमटीत धरून ओढून पाहा. लेप सुटून आला आणि खालचं पान फिकट निघालं, तर ती पहिली धोक्याची खूण समजा. हा लेप खरवडून खाणाऱ्या गोगलगायी कमी झाल्या तर तो झपाट्याने जाड होतो. त्यानंतर पाण्यात तरंगणारी सूक्ष्म शैवालं वाढतात आणि खोल भागातल्या वनस्पती आधी जातात.

वनस्पती गेल्या की तळं आणखी घसरतं. गाळ धरून ठेवणारी मुळं उरत नाहीत, त्यामुळे वाऱ्याने गाळ ढवळला जातो. शैवाल खाणाऱ्या डॅफ्नियासारख्या सूक्ष्म प्राण्यांना माशांपासून लपायला झाडी उरत नाही. म्हणूनच उथळ तळी एकतर स्वच्छ आणि झाडाझुडपांची, नाहीतर गढूळ आणि हिरवी अशा दोन अवस्थांत अडकून बसतात. ज्या फॉस्फरसच्या पातळीवर तळं बिघडलं, तिथपर्यंत खाली आणून ते परत सुधारत नाही. त्याहून बरंच खाली यावं लागतं.

फॉस्फरस येतो कुठून? सांडपाणी, शेतातून धुऊन येणारी माती, आणि ज्याकडे कुणी बघत नाही ते माशांचं खाद्य. १०० किलो खाद्यात साधारण १ किलो फॉस्फरस असतो. १ हेक्टर पसरलेल्या, सरासरी १ मीटर खोल तळ्यात १ किलो फॉस्फरस मिसळला, तर पातळी १०० मायक्रोग्रॅमने वाढते. थोडा भाग माशांच्या अंगी लागतो हे खरं, पण उरलेला तळ्यातच राहतो. शिवाय जुना गाळ. तळाशी प्राणवायू असतो तोवर फॉस्फरस लोहाला चिकटून बसतो. उन्हाळ्यात तळचा प्राणवायू संपला की लोह विरघळतं आणि फॉस्फरस पाण्यात सुटतो. बाहेरची आवक बंद करूनही पुढची काही वर्षं तळं हिरवंच राहतं ते यामुळे. अनेक जण इथेच कंटाळून काम सोडतात.

क्रम असा ठेवा. आधी आवक थांबवा, मग तळ गढूळ करणारे मासे कमी करा, त्यानंतर गाळाचं बघा. गाळ उपसणं किंवा तुरटीसारख्या पदार्थाने फॉस्फरस बांधून टाकणं हे दोन्ही आवक चालू असताना केलं, तर पैसा पाण्यात जातो. तुरटीने पाण्याची आम्लता वाढते, म्हणून क्षारता (ॲल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पेलण्याची पाण्याची ताकद) कमी असलेल्या पाण्यात तज्ज्ञाशिवाय तिला हात लावू नये.

प्रश्न : उजेड पुरेसा आहे की नाही हे साध्या साधनांनी मोजता येईल का?

येतं. सेक्की चकती घरी बनवता येते. २० सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची किंवा जाड प्लास्टिकची चकती घ्या, तिचे चार भाग करून आलटून पालटून काळे-पांढरे रंगवा. रंग चकाकणारा नको. मधोमध भोक पाडून खाली वजन आणि वर न ताणणारी दोरी बांधा. दर १० सेंटिमीटरवर खूण करा. सुती दोरी भिजली की तिची लांबी बदलते, ती टाळा.

सकाळी १० ते दुपारी ३ च्या दरम्यान, होडीच्या सावलीच्या बाजूने चकती सोडा. काळा चष्मा काढून ठेवा. दिसेनाशी झाली ती खोली, आणि वर ओढताना पुन्हा दिसली ती खोली, या दोहोंची सरासरी म्हणजे सेक्की खोली. चकती तळाला टेकली तरी दिसत असेल, तर ‘तळापेक्षा जास्त’ एवढंच लिहा, आकडा लिहू नका.

१.७ ला या खोलीने भागलं की उजेड किती वेगाने विझतो याचा गुणांक मिळतो. सेक्की १ मीटर असेल, तर अर्ध्या मीटरवर पृष्ठभागाच्या सुमारे ४३ टक्के उजेड, १ मीटरवर १८ टक्के आणि २ मीटरवर ३ टक्क्यांच्या आसपास. गोड्या पाण्यातल्या बुडीत वनस्पती या स्थितीत ढोबळमानाने दीड ते दोन मीटरपर्यंत तग धरतात. सागरी गवताचं भागत नाही. त्याला सरासरी ११ टक्के उजेड लागतो, म्हणजे सेक्कीच्या १.३ पटीपलीकडे ते जात नाही, आणि काही जातींना याहून बराच जास्त लागतो.

दोन ठिकाणी ही पद्धत फसते. मातीने गढूळ झालेल्या पाण्यात १.७ हा आकडा जरा मोठा पडतो. आणि पानावरचा लेप चकतीला दिसत नाही, त्यामुळे आकडा चांगला असूनही झाडं मरू शकतात. एका मोजणीवर काही ठरवू नका. पंधरवड्याने एकदा असं निदान एक पूर्ण हंगाम मोजा.

प्रश्न : मोरचूद टाकलं की शैवाल दोन दिवसांत मरतं असं सांगतात. मग एवढा खटाटोप कशाला?

मरतं, आणि तिथूनच त्रास सुरू होतो.

मोरचूद म्हणजे तांब्याचं सल्फेट. त्याची मात्रा पाण्याच्या क्षारतेवर ठरते, डोळ्यांनी नाही. एकूण क्षारता मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये मोजून तिला १०० ने भागलं की मोरचुदाची मात्रा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये मिळते. १ मिलिग्रॅम प्रति लिटर म्हणजे १,००० लिटरला १ ग्रॅम. क्षारता ५० च्या खाली असेल तर वापरूच नका, तिथे तांब्याचे मोकळे आयन माशांनाही मारतात. क्षारता २५० च्या वर गेली की तांबं कार्बोनेट होऊन तळाशी बसतं आणि शैवालावर परिणाम होत नाही. मग लोक मात्रा वाढवतात. तांबं कुजत नाही. प्रत्येक वेळचं गाळात साचत जातं, आणि गोगलगायी व डॅफ्निया, म्हणजे नेमके तुमच्या बाजूने काम करणारे प्राणी, आधी संपवतं.

दुसरा धोका प्राणवायूचा. सगळं शैवाल एकदम मेलं की कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं. मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागतात, कारण रात्रभर प्रकाशसंश्लेषण बंद असतं आणि पहाट ही सर्वांत तंगीची वेळ. म्हणून एका वेळी तळ्याच्या एक-तृतीयांश भागावरच उपचार करायचा आणि मध्ये १० ते १४ दिवस जाऊ द्यायचे. पाणी जितकं गरम तितकी जोखीम जास्त.

तिसरा सर्वांत गंभीर. नील-हरित शैवालांचं विष बऱ्याच अंशी पेशीच्या आत असतं. तांब्याने पेशी फुटल्या की ते पाण्यात मोकळं होतं. १९७९ साली ऑस्ट्रेलियातल्या पाम आयलंडवर पिण्याच्या पाण्याच्या जलाशयात असं शैवाल माजलं होतं, ते मारायला मोरचूद टाकलं गेलं आणि त्यानंतर जवळपास दीडशे माणसं आजारी पडली, त्यांत बहुतेक मुलं होती. पिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पाण्यात घरगुती पातळीवर मोरचूद टाकू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आणि मुळात फॉस्फरस तिथेच राहतो. काही आठवड्यांत पुढचं पीक येतं.

प्रश्न : पाण्यावरची साय विषारी शैवालाची आहे की साधी, हे कसं ओळखावं?

आधी काठी घालून वर काढा. केसांसारखे धागे काठीला गुंडाळून आले तर ते तंतुमय हिरवं शैवाल, स्पायरोगायरासारखं. त्रासदायक, पण विषारी नाही. काठीला रंग फासल्यासारखं काही लागलं तर पुढची चाचणी करा. हातमोजे घालून पारदर्शक बरणी तीन-चतुर्थांश भरा, झाकण लावा आणि न हलवता रात्रभर थंड जागी ठेवा. सकाळी हिरवा थर वर तरंगत असेल, तर नील-हरित शैवालाची शक्यता मोठी आहे. त्यांच्या पेशींत वायूच्या पोकळ्या असतात, त्यामुळे ती वर येतात. खाली बसलं तर बहुधा दुसरं शैवाल.

बरणीवरून विष आहे की नाही ते कळत नाही, फक्त संशय घ्यायचा की नाही तेवढं कळतं. संशय असेल तोवर माणसं आणि जनावरं त्या पाण्यापासून लांब ठेवा. नील-हरित शैवालांचं मायक्रोसिस्टिन हे विष पाणी उकळून नष्ट होत नाही. पिण्याच्या पाण्यातल्या या विषासाठी जागतिक आरोग्य संघटनेची दीर्घकालीन मार्गदर्शक मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम आहे.

प्रश्न : शेजारच्या शेतात तणनाशक फवारलं की पहिल्या पावसानंतर आमच्या तळ्यातल्या वनस्पती पिवळ्या पडतात. हे तणनाशकामुळेच होतं हे सिद्ध कसं करायचं?

तुमचा संशय रास्त आहे. फवारणीनंतरच्या पहिल्या जोरदार सरीत पाण्यात उतरणारी मात्रा सहसा सर्वांत जास्त असते. ॲट्राझिन, डायूरॉनसारखी तणनाशकं प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेतल्या डी-१ नावाच्या प्रथिनाला चिकटतात आणि इलेक्ट्रॉनांची वाट अडवतात. शेतातलं तण आणि पाण्यातलं शैवाल यांची ही यंत्रणा सारखीच असल्याने औषधाला त्यांच्यात फरक करता येत नाही. मात्रा थोडी असेल तर पाणी बदलल्यावर शैवालं बरीचशी सावरतात. झाडाला मात्र सलग काही आठवडे मार बसला तर साठवलेलं अन्न संपतं.

लेम्ना, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या बारीक टिकल्यांसारख्या पानांची वनस्पती, वापरून चाचणी करता येते. प्रयोगशाळांत ती सात दिवसांची असते, घरी तिची साधी आवृत्ती अशी. एकाच निरोगी साठ्यातून लेम्ना घ्या. सारख्या आकाराची सहा काचेची भांडी घ्या, तीन संशयित पाण्याने भरा आणि तीन अशा तळ्याच्या पाण्याने, जिथे फवारणी पोहोचत नाही. सहाही भांड्यांत द्रवरूप खताची सारखीच, अगदी थोडी मात्रा टाका. हे वगळलं तर पोषणाचा फरक विषाचा फरक म्हणून वाचला जातो. प्रत्येकात तीन पानांच्या चार जोडण्या, म्हणजे १२ पानं सोडा. २४ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि सारख्या उजेडात ठेवा, भांड्यांच्या जागा रोज बदला. तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या दिवशी पानं मोजा. बाहेर डोकावणारं नवं पानही मोजायचं.

आधी स्वच्छ पाण्यातल्या भांड्यांकडे बघा. प्रमाणित चाचणीत तिथे सात दिवसांत पानं सुमारे सातपट व्हावी लागतात. घरच्या चाचणीत एवढं जमेलच असं नाही, पण तिथेही वाढ रखडली असेल, तर उजेड किंवा खत कमी पडलंय आणि त्या चाचणीवरून काही ठरवता येत नाही. संशयित पाण्यात वाढ निम्म्यावर आली, पानं पांढुरकी पडली, जोडण्या तुटल्या, मुळं आखूड राहिली, तर पाण्यात काहीतरी आहे हे नक्की. काय आहे हे लेम्ना सांगत नाही. सल्फोनिलयुरिया गटातली तणनाशकं लिटरमागे मायक्रोग्रॅमच्या पातळीलाही वाढ रोखतात, पण पानांचा रंग लगेच जात नाही. उलट २,४-डीसारख्या रुंद पानांच्या तणांवरच्या औषधांना लेम्ना फारसं दाद देत नाही. त्यासाठी मायरिओफिलमसारखी वनस्पती लागते. म्हणून लेम्ना ठणठणीत राहिलं म्हणजे पाणी निर्दोष, असा निष्कर्ष काढू नका.

पाण्याचा नमुना पहिल्या पावसाच्या काही तासांत, गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत घ्या आणि शेतात काय फवारलं होतं ते विचारून प्रयोगशाळेला त्याच रसायनाचं नाव द्या. ‘सगळी तणनाशकं तपासा’ असं सांगितलं की खर्च वाढतो आणि बऱ्याचदा नेमकं हवं तेच राहून जातं. शेजाऱ्यांशी भांडण्याआधी बांधालगत दाट गवताचा पट्टा सोडता येईल का, ते एकदा बोलून बघा. मातीला चिकटून येणारी औषधं आणि फॉस्फरस त्यात बऱ्यापैकी अडतात. पाण्यात सहज विरघळणारी औषधं कमी अडतात.

प्रश्न : जलपर्णीही पाणवनस्पतीच ना? मग ती काढायची कशाला?

ती मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिथे तिला खाणारे कीटक आहेत, बाहेर नाहीत. अनुकूल पाण्यात एक-दोन आठवड्यांत तिचं क्षेत्र दुप्पट होतं. तिच्या गालिच्याखाली उजेड पोहोचत नाही, हवेतला प्राणवायूही पाण्यात नीट मिसळत नाही, आणि खालची बुडीत झाडं व शैवालं दोन्ही संपतात. उजेड अडवणारी तीच गोष्ट, फक्त इथे झाकण वरून पडतं.

काढताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. काढलेला ढीग काठावरच ठेवतात आणि कुजल्यावर त्याचा रस परत पाण्यात उतरतो. तुटलेले तुकडे वाहत जाऊन नवी रोपं तयार होतात, म्हणून वाऱ्याच्या आणि प्रवाहाच्या खालच्या बाजूला तरंगता अडसर बांधूनच काम सुरू करावं. फुलं येण्याआधी काढावी, कारण बिया गाळात १५ ते २० वर्षं जिवंत राहू शकतात. पूर्ण भरलेल्या पाण्यावर तणनाशक मारलं, तर सगळा ढीग तळाशी जाऊन कुजतो आणि मासे मरतात. जलपर्णी उपसून फॉस्फरस काढून टाकू असंही बरेच जण म्हणतात. १ टन ओल्या जलपर्णीत कोरडा भाग ५०-६० किलोच असतो आणि त्यात फॉस्फरस दोन-अडीचशे ग्रॅमच्या आसपास. उपयोग आहे, पण आवक थांबवण्याला तो पर्याय नाही.

निओकेटिना जातीचे भुंगे हा दीर्घकालीन उपाय. व्हिक्टोरिया सरोवरात ते १९९५ च्या सुमारास सोडले आणि पुढच्या काही वर्षांत जलपर्णी मोठ्या प्रमाणात घटली. पण भुंगे सोडणं हे सरकारी परवानगीचं आणि कीटकशास्त्रज्ञांचं काम आहे. साल्विनिया मोलेस्टा या तरंगत्या नेच्याच्या बाबतीत सुरुवातीला तिची जातच चुकीची ओळखली गेली होती, त्यामुळे दुसऱ्या जातीवरचे कीटक आणून सोडले गेले आणि ते चालले नाहीत. ती वेगळी जात आहे हे १९७२ मध्ये स्पष्ट झालं, तिचं मूळ स्थान आग्नेय ब्राझीलमध्ये १९७८ साली सापडलं आणि तिथला भुंगा १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मूनडारा सरोवरात सोडल्यावर वर्षभरात सरोवर बरंचसं मोकळं झालं.

प्रश्न : समुद्राचं पाणी तापतंय. त्याचा समुद्री वनस्पतींना नेमका काय त्रास होतो?

सगळ्यांना सारखा नाही. केल्प ही मोठी तपकिरी शैवालं थंड, नायट्रेटयुक्त पाण्यात वाढतात. वरचं पाणी तापलं की खालचं थंड पाणी वर मिसळत नाही, म्हणजे उष्णता आणि उपासमार एकत्र येतात. २०११ च्या उष्णतेच्या लाटेनंतर पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर सुमारे १०० किलोमीटर पट्ट्यातलं केल्पचं जंगल नाहीसं झालं. उत्तर कॅलिफोर्नियात २०१४ नंतर ९० टक्क्यांहून अधिक केल्प गेलं, पण तिथे नुसतं तापमान नव्हतं. समुद्री साळिंदरं, म्हणजे काटेरी अर्चिन, खाणारे सूर्यफूल-तारामासे रोगाने मेले, अर्चिन बेसुमार वाढले आणि उरलेलं केल्प त्यांनी फस्त केलं. खायला न मिळताही हे अर्चिन वर्षानुवर्षं जगतात, त्यामुळे पाणी थंड झालं तरी केल्प आपोआप परतत नाही. अर्चिन काढावे लागतात.

सागरी गवत हे शैवाल नाही. त्याला मुळं, फुलं, बिया असतात. त्याची मुळं प्राणवायूविरहित गाळात असतात आणि पानांनी बनवलेला प्राणवायू त्यांच्यापर्यंत खाली पोहोचवला जातो. पाणी गरम, गढूळ आणि रात्री प्राणवायू कमी, असं झालं की हा पुरवठा तुटतो आणि गाळातलं विषारी सल्फाइड मुळांतून वर शिरतं. झाड मग बुडाशी कुजून पानांच्या जुडग्यासह सुटून येतं. समुद्रात बऱ्याच ठिकाणी शैवालाला रोखून धरतो तो नायट्रोजन, त्यामुळे तिथे फॉस्फरस एकटा कमी करून भागत नाही. फ्लोरिडाच्या टॅम्पा उपसागरात नायट्रोजनची आवक कमी केल्यावर गवत १९५० च्या दशकाच्या पातळीपर्यंत परत आलं. नंतरच्या काही वर्षांत तिथे पुन्हा घट झाली, म्हणजे हे काम एकदा करून विसरण्यासारखं नाही.

प्रश्न : हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला तर पाण्यातल्या वनस्पतींना फायदाच व्हायला हवा ना?

सागरी गवताला काही प्रमाणात होऊ शकतो, उजेड पुरेसा असेल तर. पण अंगात चुना साठवणाऱ्या शैवालांना तोटा आहे. समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू (पीएच) औद्योगिक काळापासून सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला आहे. हा फरक दिसायला लहान, पण हायड्रोजन आयनांचं प्रमाण त्याने पाव पटीहून अधिक वाढतं. प्रवाळाच्या खडकांना सांधणारी गुलाबी कोरलाइन शैवालं मॅग्नेशियमयुक्त कॅल्साइट बनवतात, आणि ते सर्वांत लवकर विरघळणाऱ्या प्रकारांपैकी आहे.

प्रश्न : आमच्या तळ्याचं पाणी आता स्वच्छ झालंय. बुडीत वनस्पती पुन्हा लावल्या, पण दोनदा मेल्या. कुठे चुकतंय?

न पाहता सांगायचं तर पहिला संशय माशांवर. सामान्य कार्प गाळ उकरून खातो आणि कोवळी रोपं उपटतो. हेक्टरी १०० किलोच्या आसपास कार्प असले की बुडीत वनस्पती टिकणं अवघड होतं. गवत्या मासा असेल तर तो थेट झाडंच खातो. तपासणं सोपं आहे. १ मीटर लांब-रुंद, २ सेंटिमीटर भोकांच्या जाळीचे तीन पिंजरे तळात पक्के रोवा, वरचं टोक पाण्याबाहेर ठेवा. आत रोपं लावा, बाहेर शेजारीच तेवढीच लावा. आतली जगली आणि बाहेरची गेली, तर कारण मासे किंवा पाणपक्षी. दोन्हीकडची गेली, तर उजेड किंवा गाळ.

खोली सेक्कीच्या निम्मीच निवडा. जगण्याच्या मर्यादेवर लावलेलं रोप पहिल्या गढूळ आठवड्यात जातं. काळा, कुजक्या अंड्यांचा वास येणारा, पायाखाली दबणारा गाळ असेल, तर तिथे मुळं धरत नाहीत. वाळूमिश्रित जागा शोधा. रोपं तरंगून वर येत असतील, तर बुडाशी मातीचा गोळा ज्यूटच्या कापडात बांधून लावा. शिशाचं वजन वापरू नका. रोपं जवळच्या, तशाच पाण्यातून आणा आणि आणल्यावर दोन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून बघा, त्यांच्यासोबत साल्विनियाचा एखादा तुकडाही येता कामा नये.

मोठ्या क्षेत्रावर रोपांपेक्षा बिया परवडतात. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या किनारी खाड्यांत दोन दशकांत ईलग्रास या सागरी गवताच्या ७ कोटींहून अधिक बिया टाकल्या गेल्या आणि गवत सुमारे ३,६०० हेक्टरवर पसरलं. तिथलं पाणी आधीपासून पुरेसं स्वच्छ होतं, कमी होतं ते फक्त बियाणं. तुमच्या गाळातही जुन्या बिया किंवा कॅरा या तळाशी वाढणाऱ्या शैवालाचे बीजाणू शिल्लक असू शकतात. लावणीआधी पाच-सहा ठिकाणचा वरचा ५ सेंटिमीटर गाळ काढून ट्रेमध्ये पसरा, वर १० सेंटिमीटर स्वच्छ पाणी ठेवा आणि उजेडात दोन महिने वाट पाहा. काही उगवलं तर रोपं विकत आणायची गरज नाही, पिंजरे तेवढे लावा. झाडं जाळीबाहेर पसरून एक पूर्ण हंगाम टिकली की मगच ते काढा.